पेरभर जीव

पायांगान
रविवार, १५ सप्टेंबर

प्रिय ब्ली रेंदा, माझ्या दादा,

ओम स्वस्त्यस्तु. तू बरा असशील, लोम्बोकचं ऊन फार लागत नसेल आणि तिथला स्वयंपाकी आता तरी मिरची जरा बेताने घालत असेल, अशी आशा करते.

इकडे घरचे सगळे ठीक आहेत. मेमेचा गुडघा उतारावर अजून कुरकुरतो, पण ओढ्यावर जायचं काही ती सोडत नाही. बापाने गालुंगानच्या सणासाठी पोसलेलं डुक्कर आता इतकं माजलंय की कुंपण पुन्हा बांधावं लागलं. दारात उभारायच्या पेंजोरसाठी बापाने बांबू हेरून ठेवला आहे, वरच्या शेताच्या कडेचा, शेंड्याला छान झुकलेला. तोडायला तू येशील म्हणून थांबलाय. रेंदा आल्याशिवाय कोयता लावणार नाही, असं रोज एकदा तरी म्हणतो. त्यावर मेमे म्हणते, कोयता उचलवत नाही तो तुम्हाला, पोराच्या नावावर कशाला खपवता?

शाळाही चालू आहे. सातवीला आता टक्केवारी सुरू केली. पाऊस अजून नाही, मैदानातली धूळ थेट फळ्यावर येते. मुख्याध्यापकांनी त्यांच्या खोलीत आपल्या शाळेला मिळालेलं प्रशस्तिपत्र चौकटीत घालून लावलंय. मी त्या खोलीत शक्यतो जात नाही.

फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर मी बोलायला लागले की तू हं, हं करतोस आणि मग जेवलीस का विचारतोस. बुधवारी तू मला जे सांगितलंस, ते सांगून झाल्यावरही तू तेच विचारलंस. मी हो म्हणाले. मी जेवले नव्हते. म्हणून लिहितेय. लिहिताना तुला मध्ये बोलता येणार नाही.

तुला यातलं बरंचसं माहीत आहे, तरी पहिल्यापासून लिहिते. तुझ्या बाजूने ते कसं दिसलं असेल याचा मी खूप विचार केला. आता माझ्या बाजूने कसं होतं तेही तू एकदा बघ.

गुणोत्तर शिकवताना मुलं सगळीकडे एकच चूक करतात. दोन पेले पाण्याला एक चमचा साखर, तर पाच पेल्यांना किती, असं विचारलं की म्हणतात, पाणी तीनने वाढलं, साखरही तीनने वाढवा. मिळवतात. पटीत वाढवायचं असतं हे पाठ करून परीक्षेत लिहितात आणि बाहेर पडल्यावर विसरतात. सुट्टीत मी तुझ्या कामावर बसले होते तेव्हा तू त्या उबुदच्या माणसाचं कोठार बांधत होतास. त्याचाच हात घेऊन तू मापं काढलीस. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की हेच तर मला शिकवायचंय. थोराड माणसाचं कोठार थोराड, बारक्याचं बारकं, पण शेजारी शेजारी ठेवली तर दोन्हींचा तोल एकच.

मग मी ठरवलं, वर्गातल्या प्रत्येकाने भाताचं छोटं कोठार करायचं. पट्टी वापरायची नाही. आपल्या करंगळीची रुंदी हेच माप. खांब एक करंगळी जाड, वीस करंगळ्या उंच, छप्पर बारा करंगळ्या रुंद. मापं मी वर्गापुरती सोपी करून घेतली होती. ती दाखवायला तुझ्याकडे आले तेव्हा तू रंधा मारत होतास. मान वर न करता तू विचारलंस, "आणि उरिप?"

उरिप नाही, मी म्हटलं. कोणतंही माप घेऊन झालं की तू त्यावर आपल्या बोटाचं एक पेर चढवतोस, वस्तूत जीव यावा म्हणून, ते मी लहानपणापासून बघत आलेय. पण इथे तो नको होता.

"बाई झालीस म्हणून कोठाराचा जीव काढून घेणार होय?" तू म्हणालास.

मी तुला नीट समजावून सांगितलं होतं, ब्ली. सगळ्यांच्या खांबांना सारखंच पेर लावलं, तर मोठ्या हाताच्या मुलाला ते थोडं होतं आणि लहान हाताच्या मुलाला फार होतं. गुणोत्तर मोडतं. हे पूजेचं कोठार नाही, यात भात ठेवायचा नाही, हे गणित आहे. तू फुंकर मारून भुसा उडवलास आणि हसून म्हणालास, "बरं बाई, बिनजीवाचं तर बिनजीवाचं." मला ते वचन वाटलं.

कतुत लास्तीबद्दल मी तुला सांगितलं होतं. देवळामागे राहते, तिची आई बाजारात पूजेचं सामान विकते, ती. प्राथमिक शाळेतून आली तेव्हा गणिताच्या तासाला तोंडच उघडायची नाही. तिची करंगळी वर्गात सगळ्यांत लहान. पहिल्या दिवशी पोरं तिला चिडवत होती की तुझ्या कोठारात उंदीरसुद्धा वाकून जाईल.  पण सगळ्यांची कोठारं उभी राहिली तेव्हा तिने आपलं उचललं आणि वर्गातल्या सगळ्यांत उंच मुलाच्या कोठाराशेजारी नेऊन ठेवलं. बराच वेळ दोन्हींकडे बघत होती. मग मला म्हणाली, "बाई, माझं लहान आहे, पण खोटं नाही."

मी चार वर्षं कॉलेजात काय शिकले ते मला त्या एका वाक्यात कळलं. त्यानंतर लास्ती हात वर करायला लागली. चुकीचं उत्तर असलं तरी वर करायची.

तिचे खांब वाकडे होते. एकाला गाठ होती. छप्पर किंचित डावीकडे कलायचं. पण तिने ते मोजून कापले होते आणि वीसला वीस होते. ते मी स्वतः तपासले होते, हे लक्षात ठेव. मी स्वतः ते विसरले.

शाळांच्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी कोठारं गियान्यारला न्यायला तुझी गाडी मिळाली तेव्हा मला केवढा आधार वाटला होता. तू म्हणालास, माझ्या कामाच्या शेडमध्ये ठेवतो, सकाळी लवकर नेऊन मांडून ठेवतो, तू पोरांना घेऊन ये. आम्ही पोहोचलो तेव्हा सगळी कोठारं ओळीत मांडलेली होती, सरळ, चकचकीत. मी तुला म्हटलं, तेल छान लावलंस. तू मान डोलावलीस. पोरंही खूश झाली. आपली वस्तू आदल्या दिवसापेक्षा देखणी दिसली तर कोण तक्रार करतं?

मग त्या परीक्षक बाई आल्या. चांगल्या होत्या, घाई नव्हती त्यांना. मी कल्पना समजावली आणि त्या म्हणाल्या, एखाद्या विद्यार्थ्याने मोजून दाखवावं. मी लास्तीला पुढे केलं. मीच केलं. मला तिचं कौतुक करून घ्यायचं होतं.

ती वाकली, करंगळी लावत लावत खांब मोजत वर गेली. वीस झाल्या आणि खांब उरला. तिने पुन्हा मोजलं. पुन्हा उरला. ती म्हणाली, "बाई, हा खांब माझा नाही." परीक्षक बाई माझ्याकडे बघत होत्या, मागे मुख्याध्यापक उभे होते, दुसऱ्या शाळेची पोरं हसायला लागली होती. आणि मी तिला सगळ्यांसमोर म्हणाले, "माप चुकलं की वस्तूवर ढकलायचं नसतं, लास्ती. चूक आपली म्हणायला शीक."

तू माझ्या उजव्या हाताला उभा होतास. हातात रिकामी टोपली होती. मी हे बोलले तेव्हा तू टोपली या हातातून त्या हातात घेतलीस. एवढंच केलंस.

लास्तीने तुझ्याकडे पाहिलं होतं का? मला आठवत नाही. मला एवढं आठवतं की तिने करंगळी मुठीत मिटून घेतली.

आम्हाला हस्तकौशल्याचं तिसरं बक्षीस मिळालं. शेऱ्यात लिहिलं होतं, काम अतिशय सुबक, गणिताचा पाया कच्चा. मुख्याध्यापकांनी फक्त पहिला अर्धा भाग मोठ्याने वाचून दाखवला. तू दुसऱ्या दिवशी लोम्बोकच्या बोटीत बसलास.

मला वाटत होतं लास्तीची चूक कुठे झाली ते तिला शोधून द्यावं. कोठारं वर्गात परत आल्यावर मी शाळा सुटल्यानंतर बसले आणि तिच्या खांबांची जाडी आणि उंची पट्टीने मोजली. भागाकार वीस येईना. शेजारचं घेतलं. तेही येईना. मग सगळीच घेतली. प्रत्येकाचा भागाकार वेगळा, कुणाचा एकवीसच्या पुढे, कुणाचा बावीस, लास्तीचा सगळ्यांत वाईट. म्हणजे ज्याचा हात जितका लहान, तितकी चूक मोठी. मग जे मी मुलांना करू नका म्हणून सांगते ते केलं. भागायचं सोडलं आणि प्रत्येक खांबाच्या उंचीतून त्याच्या जाडीची वीसपट वजा केली.

सगळ्यांची वजाबाकी सारखी आली.

प्रत्येक खांबाला तेवढंच जास्तीचं. ना कमी ना जास्त. ते अंतर मी माझ्या बोटाच्या पेरावर धरून बघितलं, माझं पेर तोकडं पडलं. बाईमाणसाचं ते नव्हतंच. तेव्हा मी जवळून पाहिलं की बांबूसुद्धा आमचा नव्हता. आम्ही कोवळा वापरला होता, हा जुना, पक्का, एकही गाठ नसलेला. जाडी तू प्रत्येकाची होती तशी ठेवली होतीस. उंची प्रत्येकाची मोजून घेतली होतीस. आणि मग त्यावर आपलं पेर चढवलं होतंस, कारण त्याशिवाय तुझा हात थांबतच नाही. एवढ्या सगळ्या मुलांचे खांब तू बसून नव्याने केलेस, ब्ली. किती मन लावून केलेस ते दिसत होतं. मला तेच सगळ्यात जास्त लागलं.

बुधवारी मी फोन केला तेव्हा तू नाकारलं नाहीस. हसलास. म्हणालास, रेंदाच्या बहिणीने वाकड्यातिकड्या काटक्या घेऊन गियान्यारला जायचं होतं का, लोक काय म्हणाले असते. मी विचारलं, मग मी त्या पोरीला बोलले तेव्हा गप्प का राहिलास? तू म्हणालास, "तुझ्या साहेबांसमोर तुला खाली पाहायला लावू? एक पोरगी रडली, विसरेल. तू नाही विसरली असतीस."

मी म्हणाले, ती माझी विद्यार्थिनी आहे. तेव्हा तू चिडलास. आणि चिडून जे बोललास ते मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. मेमेलाही नाही.

"सहावीतला तुझा तो पूल विसरलीस? तो पण मीच बदलला होता. तू देवळात गेली होतीस तेव्हा. तुझा पूल कडेने खचत होता, पोरी. झालीस ना मग बाई? काय वाईट झालं तुझं?"

आणि मग, जेवलीस का.

मी त्या पुलाबद्दल तुला काय सांगू? तुला माहीतच आहे. बांबूच्या काड्यांचा पूल, त्यावर मास्तरांनी एकेक करून दगड ठेवले आणि सगळ्यांचे मोडले, माझा राहिला. मास्तर संध्याकाळी आपल्या घरी आले आणि बापाला म्हणाले, या पोरीचं डोकं मापात बसतं, हिला थांबवू नका. बापाने मला थांबवलं नाही. आपल्या घरात कुणी पदवी घेईल असं त्याआधी कुणाच्या मनातही आलं नव्हतं. मी सिंगाराजाला शिकायला गेले तेव्हा परीक्षेच्या आदल्या दिवशी घाबरले की त्या पुलाची आठवण काढायची. नोकरीच्या मुलाखतीत, तुम्हाला गणिताची आवड कशी लागली, असं विचारलं तेव्हा मी तीच गोष्ट सांगितली. नवीन वर्ग आला की पहिल्या दिवशी मुलांना सांगते. लास्तीच्या वर्गालाही सांगितली होती.

परवा बापाने ती पुन्हा सांगितली, बांजारच्या, आपल्या वाडीच्या मंडपात, पेंजोरसाठी जमलेल्या माणसांना. दगड किती होते ते दर वेळी वाढत जातं. मी चहा देत होते. सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते आणि मी कप मोजत होते.

तू म्हणशील, तू पुढे शिकलीस ते काय मी तुझ्या जागी परीक्षेला बसून? नाही बसलास. कदाचित मी तशीही शिकले असते. कदाचित माझ्या पुलाने कडेने खचत असूनही दगड पेलले असते. किंवा मोडला असता आणि मी तो का मोडला हे शोधून काढलं असतं. यातलं काय झालं असतं ते आता कुणालाही कधीच कळणार नाही. तेवढं तू माझ्याकडून घेतलंस. तू ते प्रेमाने घेतलंस, हे मला कळतं. तू नववीत शाळा सोडून कामाला लागलास आणि मला शिकू दिलंस, तेही मी विसरलेले नाही. पण प्रेमाने घेतलं म्हणून ते परत येत नाही.

लास्तीचं मात्र अजून परत येऊ शकतं, म्हणून हा सगळा कागद.

गुरुवारी मी वर्गात उभी राहिले आणि सगळ्यांना सांगितलं की खांब बदलले गेले होते, आपले नव्हते, लास्तीचं माप बरोबर होतं आणि मी तिला उगाच बोलले. तुझं नाव घेतलं नाही. ते मी का घेतलं नाही हे मला नीट सांगता येणार नाही. पोरं कुजबुजली. एकाने विचारलं, बाई, मग ते प्रशस्तिपत्र परत द्यायचं का? त्यासाठीच उद्या मी मुख्याध्यापकांकडे जाणार आहे.

लास्ती तास संपल्यावर थांबली. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "बाई, तुम्ही मोजलं नाहीत. मी सांगत होते, आणि तुम्ही मोजलंच नाहीत."

मी म्हटलं, हो.

प्रदर्शनानंतर ती शेवटच्या बाकावर बसायला लागली आहे. टक्केवारीची उदाहरणं घातली की वही उघडी ठेवून शेजारच्या मुलीचं होण्याची वाट बघते आणि तेच लिहिते. तिला येतं. स्वतःचं उत्तर आधी लिहायची तिला आता भीती वाटते. मी तिची माफी मागितल्यावरही शुक्रवारी तिने तेच केलं. मी सांगितलं म्हणून ते पुसलं जाणार नाही, कारण मी तेव्हाही सांगत होते आणि आताही सांगतेय. तिच्या दृष्टीने बाई काय, एकदा चुकलं म्हणतात, एकदा बरोबर म्हणतात.

तिने मला एकच विचारलं. तिचे खांब कुठे आहेत? मी म्हटलं, विचारून सांगते. काल संध्याकाळी मी तुझ्या शेडमध्ये जाऊन आले. तुझा साथीदार तिथे होता. त्याने सांगितलं, ब्लीने त्या काड्या एकत्र बांधून चुलीपाशी ठेवल्या होत्या, चहाला वापरल्या. म्हणाला, चांगल्या पेटल्या.

हे लास्तीला मी सांगणार नाही. तू सांगायचंस.

गालुंगानला तू येशीलच. आधी घरी ये, देवाला हात जोड, मेमेच्या हातचं खा. मग दुपारी माझ्याबरोबर देवळामागे चल. तिच्या आईवडिलांसमोर बसून त्या पोरीला सांग की खांब तू बदललेस, ती म्हणाली ते खरं होतं, तिचे खांब तुझ्याकडून जळाले, आणि तू तिथे उभा असून गप्प राहिलास. हे सगळं तुझ्या तोंडून. मी शेजारी बसेन, पण एक शब्दही बोलणार नाही. या वेळी गप्प बसायची पाळी माझी.

बापाला पुलाचं काय सांगायचं ते तू आणि मी नंतर ठरवू. की सांगायचंच नाही, तेही. तो म्हातारा झालाय आणि त्याच्या दगडांची संख्या वाढते आहे.

आणखी एक. मी तुला ओळखते. हे वाचता वाचताच तुझी नजर आजूबाजूच्या बांबूंवरून फिरली असेल. तिच्या करंगळीच्या मापाने, वीसला वीस, एकही पेर न चढवता, सरळ, देखणे खांब तू बोटीत बसायच्या आधी करूनही टाकशील. ते करू नकोस. तिने मला सांगितलंय, ती कोवळा बांबू घेऊन स्वतः कापणार आहे. वाकडे होतील. छप्पर पुन्हा डावीकडे जाईल.

ब्ली, येताना काही करून आणू नकोस. रिकाम्या हातांनी ये.

लास्तीची बाई, आणि तुझी बहीण,
काडेक मुर्तिनी